मामूंची सही

सन दोन हजार एकोणीस. मी अडुसष्ट वर्षांचा होतो, आणि त्या वयात एका चेंडूला भ्यालो.

चेंडू उदगीरच्या चिठ्ठीवाल्या मामूंच्या पेटीत होता. मामू आता नाहीत. त्यांचं चपलाबुटांचं दुकान होतं, पण नाद खेळात वापरलेल्या वस्तू जमवायचा. फायनलला तडकलेली बॅट, शतकाला घातलेले ग्लोव्हज, षटकार खाल्लेला चेंडू. कोरी वस्तू फुकट दिली तरी घ्यायचे नाहीत. "दुकानातली बॅट मुकी असती. मार खाल्लेली बोलती."

प्रत्येक वस्तूला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी. कुठली मॅच, कोण खेळलं. खाली खेळाडूची सही, अंपायरची सही, आणि वस्तू पारखून झाल्यावर, सगळ्यात शेवटी, मामूंची. एक पुढारी बिनसाक्षीची बॅट घेऊन आला, तर मामू म्हणाले, "चांगली हाय साहेब. कपडे धुवायला न्या."

मी अंपायर. शाळा तिसरीपर्यंत, पण बोट वर केलं की केलं. एकही निकाल कधी फिरवला नाही. मामू चिडवायचे, "अंपायर साब, घरात भाभी अपील करती का न्हाई?"

"करती. नॉटआऊट देतो."

दोन हजार आठला देगलूरच्या फायनलला शेवटच्या चेंडूवर षटकार बसला तो थेट तुरीत गेला. मामूंना तोच चेंडू हवा होता. "मी आणून देतो," मी सगळ्यांदेखत बोलून बसलो. तासभर तूर तुडवली. सापडला नाही. रिकाम्या हातानं माघारी जाणं माझ्यानं होईना. पिशवीतला दुसरा जुना चेंडू दिला आणि चिठ्ठीवर सही ठोकली. मामूंनी शिवणीवरून नख फिरवलं. चेंडू पेटीत ठेवला. त्यानंतर ती पेटी उघडली की मी पाणी प्यायला उठायचो.

अकरा वर्षं गेली. मामूंना दम्यानं धरलं. लातूरच्या एका कॉलेजनं सगळा साठा मांडून ठेवायला मागितला. तो न्यायच्या आदल्या संध्याकाळी मामू म्हणाले, "उद्या दुपारी त्यांची माणसं येऊन राहिलीत. चिठ्ठ्या तपासणार. एक बी खोटी निघाली तर बाकीच्यावर कोण भरोसा ठेवल? समदं भंगार."

माझ्या हातातला कप बशीवर वाजायला लागला.

"थंडी वाजून राहिली का, अंपायर साब?"

"हाव," मी म्हणालो. मे महिना होता.

मामूंचा सगळा जन्म त्या पेटीत, आणि तिला कीड माझ्या हातची.

दुसऱ्या दिवशी सकाळी, दुकान उघडायच्या आत, मी मामूंच्या दारात उभा राहिलो. "त्यो देगलूरचा चेंडू काढा."

त्यांना शोधावा लागला नाही. सगळ्यात वरच होता. चिठ्ठीवर खेळाडूची सही, खाली माझी. त्याखालची जागा कोरी.

"अकरा साल वाट बघून राहिलो," मामू म्हणाले आणि खिशातला पेन पुढं केला.

मी ओट्यावर बसलो, चिठ्ठी मांडीवर घेतली आणि माझं नाव खोडलं.