साखरदाणीतल्या गोळ्या

तर मेल्विना आत्याच्या गोळ्या साखरदाणीत जाऊन बसल्या त्या अशा. हेडली काकांच्या चुकलेल्या होडीची गोष्ट काल सांगून झाली, तिला आता तिथंच राहू द्या. कारण होडी सापडली त्याच आठवड्यात आत्या समोरच्या गावाला औषध आणायला गेली, आणि रिकाम्या हातानं परत आली.

आता रिकाम्या हातानं परतणारी बाई ती नव्हे. पिंचर बेटावरून फेरीबोटीनं पलीकडे जाऊन यायचं म्हणजे अर्धा दिवस जातो. वारा फिरला तर बोट सुटत नाही, धुकं पडलं तर सुटलेली बोट परत येते. म्हणून बेटावरचा माणूस गावात गेला की दोन्ही हातांत पिशव्या घेऊनच उतरतो. आत्या उतरली ती नुसती पर्स छातीशी धरून. धक्क्यावर उभे असलेले हेडली काका, म्हणजे तिचे धाकटे दीर, म्हणाले, "काय वहिनी, दुकान जळालं की काय?"

"जळालं असतं तर बरं झालं असतं," आत्या म्हणाली आणि तरातरा चढण चढून घरी गेली.

पूर्वी असं नव्हतं. गावात बजेल नावाच्या म्हाताऱ्याचं औषधाचं दुकान होतं. आत्यानं फोन उचलायचा, "बजेल, माझ्या त्या रक्तदाबाच्या संपत आल्या रे," एवढंच म्हणायचं. बजेल डॉक्टरशी बोलायचा, पुडकं बांधायचा आणि बोटीच्या खलाशाकडे द्यायचा. खलाशी ते आत्याच्या जेवणघरातल्या टेबलावर आणून ठेवायचा आणि जाताना काकवी लावलेला पाव खाऊन जायचा. आत्याचा नवरा गार्लंड गेला, त्या थंडीत बोटी बंद होत्या. तेव्हा बजेलनं गोळ्या बर्फावरून पाठवल्या होत्या. मग बजेल थकला. दुकान विकलं. ते घेतलं एका मोठ्या कंपनीनं, जिची दुकानं म्हणे समुद्रापासून समुद्रापर्यंत आहेत. सरकती काचेची दारं आली, शांपूच्या रांगाच्या रांगा आल्या, आणि पार मागे, खडूच्या रेघेसारख्या पांढऱ्या दिव्याखाली, औषधांचा काउंटर.

त्या काउंटरमागे जिलियन नावाची मुलगी उभी होती. सेंट जॉन्सची, म्हणजे राजधानीतली, नुकतीच शिकून आलेली. तिनं संगणकात बघितलं आणि म्हणाली, "मिसेस टिझर्ड, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्यांच्या खेपा संपल्यात. चिठ्ठी पुढं चालू करायची तर फी पडेल. आणि गोळ्या एका वेळी महिन्याच्याच देता येतील, दर खेपेला देण्याचे पैसे वेगळे."

"देण्याचे?" आत्या म्हणाली. "गोळ्यांचे घेताच की. हात लांब करायचे वेगळे?"

"तसा नियम आहे, मॅडम."

"आणि ही पुढं चालू करायची फी कशाची?"

"तुमची चौकशी करायची. तब्येत कशी आहे, काही त्रास होतो का, हे विचारूनच मी चिठ्ठी वाढवू शकते."

आत्यानं हातमोजे काढले, पर्स काउंटरवर ठेवली, कोट सैल केला. "हे मात्र चांगलं. विचार."

"काही त्रास होतो का?"

"तसा नाही. म्हणजे सकाळी—"

"बरं. झालं," जिलियन म्हणाली, कारण मागे रांग होती आणि फोन वाजत होता.

"झालं?"

"हो, झालं."

आत्यानं हातमोजे परत चढवले. "बाये, आमच्याकडे दारावरून जाणाऱ्या माणसालासुद्धा याहून जास्त विचारतात, आणि वर चहा पाजतात." असं म्हणून गोळ्या तिथंच टाकून ती निघाली. पैशाचा प्रश्न नव्हता. गार्लंडचं पेन्शन होतं, तिचं स्वतःचं म्हातारपणाचं होतं. पण न केलेल्या विचारपुशीचे पैसे द्यायचे, हे तिच्या घशाखाली उतरेना.

आता बेटावर एक रीत आहे. कुणाकडचं काही संपलं तर ते संपलं असं कुणी म्हणत नाही. साखर संपली, शेजारी आहे. जाळ्याचं सूत संपलं, शेजारी आहे. जळणाचं लाकूडसुद्धा वेळेला शेजारच्याच्या ढिगातून येतं, आणि कुणी लिहून ठेवत नाही, आपोआप परत जातं. आत्यानं हीच रीत गोळ्यांना लावली. रक्तदाब तर अर्ध्या बेटाला, आणि डॉक्टरही एकच, तेव्हा गोळीही बहुतेकांची एकच. तिनं फडताळातली काचेची साखरदाणी धुतली, पुसली आणि बेटभर निरोप फिरवला. ज्याच्याकडे खेपा शिल्लक आहेत त्यानं चार गोळ्या यात टाकाव्यात, ज्याच्या संपल्या त्यानं घ्याव्यात. कंपनीला म्हणावं, बस फी मोजत.

बेट खूश झालं. लोक येत, डबीतून गोळ्या ओतत, चहा पीत, कंपनीला शिव्या घालत. इतकी करमणूक आत्याच्या स्वयंपाकघरात बऱ्याच वर्षांत झाली नव्हती. हेडली काकांनीही आपल्या टाकल्या. त्यांना डॉक्टरनं नुकतीच दुप्पट जोराची गोळी सुरू केली होती, हे त्यांना ठाऊक होतं. पण ती दिसायला तशीच पांढरी, तशीच गोल, आणि नाव तेच. त्यांना वाटलं, जास्त जोर म्हणजे जास्त चांगली. भावजयीला चांगली मिळावी म्हणून त्यांनी वरच टाकल्या.

पुढच्या आठवड्यात एके सकाळी आत्या चुलीत लाकूड घालायला उठली आणि जमीन एकदम तिच्या अंगावर आली. कोपर चुलीच्या कडेला लागलं, कपाळ फरशीला. थोडा वेळ ती तशीच पडून होती. मग रांगत दिवाणापर्यंत गेली, त्याला धरून उभी राहिली, आणि उभी राहिलेच आहे तर म्हणून किटली चढवली. हेडली काका चहाला आले तेव्हा तिच्या कपाळावर अंड्याएवढं टेंगूळ आलं होतं.

"कुणाला सांगायचं नाही, भावजी," आत्या म्हणाली.

"माझ्या तोंडून? छे!" काका म्हणाले. आणि रविवारी व्हर्नाचा फोन आल्यावर त्यांनीच उचलला, आणि पहिल्या दमात सगळं सांगून टाकलं.

व्हर्ना म्हणजे आत्याची एकुलती एक मुलगी. इथली मासेमारी बंद पडली तेव्हा नवऱ्याबरोबर देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, आल्बर्टाला गेली, ती तिकडचीच झाली. दोन वर्षं ती आईच्या मागे लागली होती. तिकडे ये, आमच्या घराजवळच म्हाताऱ्यांसाठी छान इमारत आहे, लिफ्ट आहे, नर्स आहे. आत्या दरवेळी हवेचं काहीतरी बोलून विषय बदलायची. पण मागच्या हिवाळ्यात दोघींत ठरलं होतं, की आत्या एकटी असताना पडली तर वाद नाही, घर बंद करायचं. आत्यानं तेव्हा हो म्हटलं होतं, कारण पडायचा तिचा काही बेत नव्हता.

"आई, बोललो होतो आपण," व्हर्ना म्हणाली. तिचा आवाज रडवेला होता, रागाचा नव्हता, आणि तेच आत्याला जास्त लागलं. "मी तिकीट काढते. पण आधी सांग, गोळ्या वेळेवर घेत होतीस ना?"

"रोज," आत्या म्हणाली. यात खोटं काहीच नव्हतं.

व्हर्नानं मग औषधाच्या दुकानात फोन लावला, आणि तिथं कळलं की आईनं गोळ्या नेल्याच नाहीत. तिनं जिलियनला असं काही झाडलं की त्या पोरीला दोन दिवस जेवण गेलं नाही म्हणे. शेवटी व्हर्ना दमली आणि म्हणाली, "एवढंच कर. जाऊन बघ तिला. ती एकटी राहू शकते की नाही, मला खरं सांग. मी सात तासांच्या विमानावर आहे, तू अर्ध्या तासाच्या बोटीवर आहेस."

जिलियन सुट्टीच्या दिवशी बोटीत बसली.

आणि येऊन तिनं पुढच्या दारावर टकटक केली. आता बेटावर पुढचं दार हे भिंतीसारखंच असतं. माणसं मागनं येतात, न विचारता, आणि थेट चुलीपाशी बसतात. पुढचं दार फक्त शवपेटी न्यायला उघडतं, आणि ठोठावतो तो एक तर पाद्री नाही तर पोलीस. आत्याचा चेहरा पांढराफटक पडला. "भावजी, व्हर्नाला काही झालं," ती म्हणाली आणि खुर्ची धरून उभी राहिली.

हेडली काकांनी खिडकीतून डोकं काढलं. "कोण मेलं?"

"कुणी नाही! मी... औषधाच्या दुकानातनं आलेय!"

"मग मागनं ये की बाई! जीव घेशील एखाद्याचा!"

जिलियन घराला वळसा घालून, कोंबड्या चुकवत, मागनं आली. बूट काढावेत की नाहीत, याच विचारात उंबऱ्यावर घुटमळली. आत्याचा धसका ओसरला आणि राग वर आला, पण बोटीवरून आलेल्या माणसाला आधी चहा, राग नंतर. तिनं कप मांडले, दुधाचा डबा फोडला, पाव कापला.

"कुणाची गं तू?"

"सेंट जॉन्सची."

"गाव नाही विचारलं. कुणाची?"

बोलता बोलता निघालं, की जिलियनची आजी पलीकडच्या बेटावरची, सरकारनं माणसं उठवून रिकामं केलं त्या बेटावरची. तिला अखेरपर्यंत शहर मानवलं नव्हतं, खिडकीशी बसून राहायची. आत्यानं पावाचा दुसरा तुकडा जरा जाड कापला.

"साखर मिळेल?" जिलियननं विचारलं.

आत्या चुलीकडे वळली होती. हेडली काकांनी अगत्यानं साखरदाणी पुढं सरकवली. जिलियननं झाकण काढलं, चमचा बुडवला, आणि चमचा तसाच हवेत राहिला.

"ह्या काय आहेत?"

"त्या आमच्या सगळ्यांच्या," काका म्हणाले. "घे, लाजू नकोस. अरे, ही ती नव्हे, साखर दुसरीकडे आहे."

जिलियननं टेबलावरच्या मेणकापडावर साखरदाणी उपडी केली. गोळ्या एकेक उलटून बघू लागली. प्रत्येकीवर बारीक अंक होता. दोन ढीग झाले, आणि दुसरा ढीग बघून तिनं कपाळावर हात मारला. "आत्या, तुमच्या गोळीच्या दुप्पट जोराच्या आहेत ह्या. कुणी टाकल्या?"

काका खिडकीबाहेर बघू लागले.

"भावजी!"

"मला वाटलं, वहिनीला चांगल्यातल्या."

त्यानंतर जिलियन हलली नाही. आत्याचा रक्तदाब बसवून मोजला, उभं करून मोजला. काय खाता, झोप लागते का, पाय सुजतात का, उठताना गरगरतं का, कधीपासून, हे सगळं विचारलं. आत्यानं सगळं सांगितलं. सकाळचं सांगितलं, जे काउंटरवर राहिलं होतं. गार्लंड गेल्यावर रात्री दिवाणावरच झोपते हेही सांगितलं, जे व्हर्नालाही ठाऊक नव्हतं. जिलियननं तिला खुर्चीतून हात न टेकता उठायला लावलं, दारापर्यंत जाऊन यायला लावलं. आत्या चालली. पण परत येताना तिची नजर त्या पोरीच्या तोंडावर होती. शाळेत निकाल ऐकायला उभं राहावं तशी ती उभी होती.

दुपारची बोट निघून गेली. जिलियननं डॉक्टरला फोन करून गोळी तीन महिन्यांची, वर्षभराच्या खेपांसकट, लिहून घेतली. म्हणजे चिठ्ठीची फी वर्षातनं एकदा, देण्याचे पैसे चारदाच, आणि पुडकं बोटीनं. मग खाली मान घालून म्हणाली, "पण आजची फी मला लावावी लागेल, आत्या. ते माझ्या हातात नाही. आणि ही साखरदाणी आजपासून बंद. तुम्ही वाचलात, दुसरा कुणी वाचला नसता."

"ते कळलं मला," आत्या हळूच म्हणाली. "फरशीवर पडल्या पडल्याच काहीतरी चुकलं असं वाटलं होतं. पण कंपनीवरचा राग सोडवेना." मग पर्स उघडून तिनं पैसे टेबलावर ठेवले. "घे. आज विचारलंस तू. आज तुझ्या हक्काचे."

"माझे नाहीत हो. कंपनीचे."

"मग तू वेडी आहेस," हेडली काका म्हणाले, आणि तिघंही हसली.

तेवढ्यात फोन वाजला. व्हर्ना. आत्यानं फोन जिलियनच्या हातात दिला आणि टेबल पुसायला घेतलं. पुसलेलंच टेबल ती पुन्हा पुसत राहिली.

"हो, पडल्या," जिलियन म्हणाली. "नाही, वयामुळं नाही. गोळ्यांची गफलत झाली, ती मी निस्तरली. माझीही चूक आहे, मी त्या दिवशी नीट विचारलं नाही... एकट्या? एकट्या कुठं आहेत त्या? मी आल्यापासून सहा माणसं न ठोठावता आत येऊन गेली. शहरात माझ्या मजल्यावर मी मेले तर कुणाला कळणार नाही." ती बराच वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, "हो, माझं मत तेच. राहू शकतात. दर महिन्याला फोन करून मी विचारीन. नाही, त्याची फी नाही." आणि फोन आत्याकडे दिला.

फोनमधून व्हर्नाचं नाक ओढणं हेडली काकांनाही ऐकू आलं.

"म्हणजे तू येत नाहीस तर, आई."

"येते की गं. जुलैत येते, दोन आठवडे, नातवंडांना बघायला. पण गोळ्या इथूनच घेऊन येईन हो. तुमच्या तिकडच्या दुकानात नुसतं 'काय कसं काय' म्हणायचे किती घेतात, देव जाणे!"