मागचं झाकण

"मागचं झाकण उघडल्याशिवाय मी कुणाला खरं म्हणत नाही."

तुमच्या मनगटावर घड्याळ दिसलं की आमचे टूलरूमचे काका आधी हात पुढे करणार, घड्याळ काढून घेणार, कानाला लावून डोळे मिटणार. तोवर तुम्ही उत्साहात सांगून टाकलेलं असतं, की स्विस आहे, ओरिजिनल आहे, मेहुण्यानं आणलंय. ते सगळं शांतपणे ऐकून घेणार, वरचं वाक्य म्हणणार आणि घड्याळ परत करणार. चेहऱ्यावर कौतुक नाही, कुचेष्टाही नाही. पुढचे आठ दिवस तुम्ही स्वतःच्याच घड्याळाकडे वाकड्या नजरेनं बघत राहता.

मी स्वतः संशयी माणूस. धंदाच तसला. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात लोखंडी सांगाडे बनवणाऱ्या एका कारखान्यात मी क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. समोर आलेल्या प्रत्येक जोडात खोट आहे असं धरून चालायचं, याचाच मला पगार मिळतो. गेटबाहेर पडल्यावर ही सवय सुटते म्हणाल तर मुळीच नाही. भाजीवाल्यानं एक टोमॅटो जास्त टाकला तरी मी घरी येऊन पिशवी उपसतो. बायको म्हणते, "तुम्हाला देव भेटला ना, तर आधी त्याचा आयडी मागाल."

काका आमच्याच कारखान्यात टूलरूमला लेथ यंत्रावर होते. मूळचे कुडाळकडचे, पन्नाशी ओलांडलेले, बायको आणि मुलगी गावाला. राहायला कॅम्पात, म्हणजे कारखान्यामागच्या कामगारांच्या इमारतीत, एका खोलीत सहाजण. आणि या माणसाकडे अकरा स्विस घड्याळं! बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बुचाचे कप्पे करून ओळीनं निजवलेली, सगळी चावीची. सकाळी बसला निघायच्या आधी अकराही घड्याळांना चावी द्यायची आणि मग एकच मनगटावर चढवायचं. "आज ह्याची पाळी," असं खोलीतल्या लोकांना सांगून.

आता तुम्हीच सांगा, तुम्हाला काय वाटलं असतं? मलाही तेच वाटलं.

"कुठून आणता ही?" मी एकदा सरळच विचारलं.

"शारजाच्या जुन्या बाजारात साहेब. बंद पडलेली मिळतात, कुणी विचारत नाही त्यांना. मी घेतो, धुतो, तेल देतो. चालतात बिचारी."

बरं, लोकांची घड्याळंही ते दुरुस्त करून द्यायचे आणि त्याचा दिरहमसुद्धा घ्यायचे नाहीत. मला तर याचीच जास्त शंका यायची. या देशात फुकट कोण काय करतं हो? सकाळी उठून 'हबीबी', म्हणजे 'लाडक्या', म्हणणाऱ्यालाही काहीतरी हवंच असतं.

पण एक रविवार मी विसरणार नाही. कॅम्पात काहीतरी कामाला गेलो होतो. ते खिडकीशी डोळ्यात भिंग बसवून बसले होते, समोर एका घड्याळाचं मागचं झाकण उघडं. मला म्हणाले, "इकडे या, बघा." मी भिंग लावलं. आत नखाएवढ्या पट्ट्यांवर बारीक, तिरक्या रेघा ओढलेल्या होत्या, एकीसारखी दुसरी. स्क्रूची डोकीसुद्धा चकाकत होती.

"हे कशासाठी? यानं घड्याळ चांगलं चालतं?" मी विचारलं.

"काय नाय. झाकण लागलं की कुणाला दिसणारही नाही. ज्यानं केलं त्याला हे माहीत होतं, तरी केलं त्यानं." मग स्वतःशीच म्हणाले, "अशा माणसाच्या पाया पडूक व्हया."

मी आयुष्यभर चुका शोधत आलोय. कुणी न बघताही चांगलं केलेलं काम शोधायला भिंग लावणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. मला त्या दिवशी ते फार आवडले, आणि जिना उतरेपर्यंत मी पुन्हा विचार करत होतो, की हे सगळं आपल्याला का दाखवलं असेल?

आणखी एक सांगतो. आमच्या प्रॉडक्शन मॅनेजरनं एकदा सोनेरी घड्याळ घातलं आणि चहाच्या सुट्टीत हात वर करून करून सगळ्यांना दाखवलं. काकांपुढेही धरलं. यांनी कानाला लावलं आणि म्हणाले, "छान आहे सर. फक्त पाण्यापासून जपा." मॅनेजर खूश. नंतर मी खोदून विचारलं तेव्हा कळलं, की घड्याळ शंभर टक्के डुप्लिकेट. "मग तोंडावर का नाही सांगितलं?" तर म्हणाले, "माणूस एवढ्या आनंदात होता. आपण कशाला ओशाळं करायचं त्याला?"

आता माझ्या घड्याळाकडे येतो. लग्नात सासऱ्यांनी मला स्विस घड्याळ दिलं होतं. मिरजेचे निवृत्त पोस्टमास्तर ते. जावयाला घड्याळ द्यायचं म्हणून मुंबईहून खास मागवलेलं. चार-पाच वर्षं चाललं, मग बंद पडलं, आणि मी ते कपाटात टाकलं. पंधरा वर्षांनी सासऱ्यांनी फोनवर जाहीर केलं, की व्हिसा झाला, महिनाभर राहायला येतो. बायको कपाट उघडून माझ्यापुढे उभी राहिली. "आल्या आल्या बाबा तुमच्या मनगटाकडे बघतील. चालू करून आणा." मुलगी मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली, "बाबा, इट्स जस्ट अ वॉच." तिला कोण सांगणार?

मी ते काकांकडे नेलं. त्यांनी झाकण उघडलं आणि बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "खरं आहे साहेब. ह्याला मी खरं म्हणतो. फार चांगली मशीन आहे. अशीच एक माझ्याकडे आहे, पण तिच्या एका चक्राचा दात मोडलाय. दुसरी मिळत नाही कुठे." घड्याळाच्या आतल्या यंत्राला हे लोक मशीन म्हणतात.

झालं! अशीच एक माझ्याकडे आहे, पण मोडकी. हे वाक्य माझ्या डोक्यात जे रुतून बसलं ते बसलंच. घड्याळ चार दिवस त्यांच्याकडे होतं आणि चारही दिवस मला गोड झोप लागली नाही.

पाचव्या दिवशी, शुक्रवारी, त्यांनी घड्याळ रुमालात गुंडाळून परत दिलं. शनिवार-रविवार घरी सेकंदाचाही फरक नाही. सोमवारी कामावर घालून गेलो. बाकीचे लोक कामाच्या वेळी घड्याळ लॉकरमध्ये ठेवतात, पण ज्याला कसलंही झाकण उघडता येतं असा माणूस त्याच आवारात असताना मी लॉकरवर विसंबून राहणार? छे! दिवसभर मनगटावरून उतरवलं नाही. यार्डात प्लेटा तपासतानाही हातातच. आणि संध्याकाळी बघतो तर घड्याळ पंचवीस मिनिटं पुढे. मंगळवारी तेच. बुधवारी त्याहून जास्त.

त्याच आठवड्यात सासरे आले. विमानतळावर गळाभेट झाली आणि लगेच त्यांनी माझं मनगट धरलं. डोळे भरून आले त्यांचे. मग स्वतःच्या घड्याळाकडे पाहिलं, माझ्या घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "जावईबापू, तुमच्या दुबईत दिवस लवकर संपतो वाटतं."

माझं डोकं फिरलं. दुसऱ्याच दिवशी दुपारी मी कॅम्पाच्या मेसमध्ये गेलो. दीडशे माणसं जेवत होती. काका कोपऱ्यात आमटी-भात कालवत होते. मी घड्याळ त्यांच्या ताटाशेजारी आपटलं.

"माझी मशीन कुठे आहे?"

"काय साहेब?"

"नाटक करू नका. तुमची मोडकी मशीन यात घातलीत आणि माझी खरी तुमच्या डब्यात गेली. आणा तो डबा!"

दीडशे माणसं माना वळवून बघू लागली. काका हात धुऊन आले, खोलीतून डबा आणला आणि सगळ्यांसमोर उघडला. ते मोडक्या मशीनचं घड्याळ काढलं, झाकण उघडून भिंगासकट माझ्यापुढे धरलं. दात मोडलेलं चक्र तिथेच होतं. मी काय म्हणालो असेन? म्हणालो, "मग दुसरीकडे लपवली असेल. विकली असेल."

"एकदा माझ्याकडे द्या साहेब. काय झालंय बघतो. दोन मिनिटं."

"पुन्हा तुमच्या हातात? एकदा दिलं तेवढं पुरे."

त्यांनी डबा बंद केला. माझ्यावर ओरडले नाहीत, गयावया केली नाही. ताट तसंच राहिलं होतं, ते उचललं आणि भात कचऱ्यात टाकून निघून गेले. अन्न टाकताना मी त्यांना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

त्यानंतर त्यांच्याकडे कुणी घड्याळ देईना. कॅम्प बॉसनं फर्मान काढलं, की खोलीत दुरुस्तीबिरुस्ती खलास. महिन्याभरात त्यांनी शंभर किलोमीटरवरच्या मुसफ्फाच्या शाखेत बदली मागून घेतली. "बघा, पळाला की नाही?" असं मी बायकोला म्हणालो. हे शब्द माझेच आहेत, लपवून काय करू?

तरी माझं समाधान नव्हतं. मला पुरावा हवा होता. सासरे परत गेले, सहा-सात महिने उलटले, आणि एका सुट्टीच्या दिवशी मी जुन्या दुबईत, देऱ्यातल्या एका म्हाताऱ्या घड्याळजीकडे गेलो. म्हटलं, मशीन बदललीय असं लिहून द्या. त्यानं झाकण उघडलं, भिंग लावलं, जुनं पुस्तक काढून नंबर ताडून पाहिला. "मशीन असली है भाई. इसी घड़ी की है." मग त्यानं घड्याळाजवळ छोटं होकायंत्र धरलं. सुई गर्रकन फिरली.

"आप चुंबक के पास काम करते हो?"

अहो, आमच्या यार्डात लोखंडी प्लेटा उचलायला क्रेनला टेबलाएवढा विजेचा लोहचुंबक आहे! त्याच्या खाली, त्याच प्लेटांवर हात ठेवून मी रोज जाडी मोजतो. घड्याळाच्या आत केसासारखी बारीक स्प्रिंग असते. लोहचुंबक लागला की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ पुढे धावत सुटतं. म्हाताऱ्यानं ते चुंबक उतरवणाऱ्या एका निळ्या डब्यावर ठेवलं, बटण दाबलं, सोडलं. संपलं काम. म्हणाला, "पहले जिसने खोला था, बहुत अच्छा हाथ है उसका."

लॉकरमध्ये ठेवलं असतं तर काही झालं नसतं. मी त्या माणसाच्या भीतीनं ते हातातून काढलं नव्हतं.

पुढच्या रविवारी गाडी काढली आणि मुसफ्फाजवळ मोहम्मद बिन झायद सिटीच्या बाजूला काकांची नवी खोली शोधत गेलो. खालच्या कॅफेटेरियात बसलो. त्यांनीच दोन करक, म्हणजे इथले कडक, चहा सांगितले. पहिला प्रश्न काय विचारावा त्यांनी? "घड्याळ चालतंय ना बरोबर?"

मी सगळं सांगितलं. लोहचुंबक म्हटल्यावर ते कपाळावर हात मारून हसले. "अरे देवा! माझ्या हातात दिलं असतं तर तिथल्या तिथे सांगितलं असतं." मग हसू थांबलं.

"डबा कुठे आहे?" मी विचारलं.

"आहे पेटीत. उघडत नाही. नवी माणसं आहेत खोलीत. कुणाचं काही हरवलं, तर पहिली नजर डब्यावर जाईल."

मला रडू आलं, खोटं कशाला सांगू? मी हात जोडले. "मला माफ करा. माझी चूक झाली. तुम्ही काही केलं नव्हतं."

त्यांनी माझे हात खाली घेतले. "राग नाय साहेब. पण बोललात ते मेसमध्ये बोललात. माफी मागायला मुसफ्फाला कशाला आलात?"

चहाचे पैसेही त्यांनीच दिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मेसमध्ये उभा राहिलो. टेबलावर थाप मारली आणि हिंदीत, मग मराठीत, मोठ्यांदा सांगितलं, की टूलरूमच्या काकांनी माझ्या घड्याळातलं काही घेतलं नव्हतं, दोष माझा होता, मी त्यांच्यावर खोटा आळ घेतला. आणि आजूबाजूला पाहिलं. निम्मे चेहरे नवे. तेव्हा जे दीडशे होते त्यांतले कुणी कतारला गेले, कुणी दुसऱ्या साइटवर, कुणी कायमचे गावी. नव्या लोकांनी एकमेकांना "कौन? कौन काका?" विचारलं आणि जेवायला लागले. जुन्यांपैकी एकजण म्हणाला, "यल्ला, चला साहेब, झालं गेलं. जेवा."

समोरच्या बाकावर एक चाळिशीचा फिटर होता, दोनच महिन्यांपूर्वी कोकणातून आलेला. तो एकदम म्हणाला, "आमच्या बाजूच्या वाडीतलेच ते. घड्याळाच्या चोरीत सापडले ना? आमच्याकडे सगळ्यांका ठावक आसा. त्यांच्या चेडवाची, मुलीची, सोयरीक तेव्हाच मोडली."

मी त्याच्यासमोर बसलो. पहिल्यापासून सगळं सांगितलं: मशीन, क्रेन, लोहचुंबक, होकायंत्र. त्याला दोनदा सांगितलं. घरी फोन कर, गावात सांग, म्हटलं. त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, ताट उचललं आणि माझ्याकडे मोठ्या आदरानं बघत म्हणाला, "साहेब, तुम्ही फार मोठ्या मनाचे. एवढं होऊनसुद्धा सांभाळून घेताय त्यांना."