टोपलीत ठेवलेला आवाज

मास्तरांचा राग कायम नाकाच्या शेंड्यावर. माप देताना एखादं गिऱ्हाईक पोट आत ओढून उभं राहिलं, की मास्तर टेप खाली टाकून म्हणायचे, "सोडा पोट. कपडे घातल्यावर श्वास घ्यायचा नाही का तुम्हाला?" तरी त्यांचं टेलरिंगचं दुकान बरं चालायचं, कारण शिवण त्यांची होती आणि कटिंग काकूंचं. काकू म्हणजे मास्तरांची बायको. कोट अंगावर बसतो तो काकूंच्या कात्रीमुळे, मास्तर नुसते जोडतात, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. मास्तरांनाही होतं. पण तसं कुणी तोंडावर म्हटलं तर त्याची पॅन्ट आणखी आठवडाभर लटकायची.

मग काकूंची उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणंही गेलं. एकच शब्द उरला, "अहो". पाणी हवं, तरी अहो. पंखा कमी करा, तरी अहो. मास्तरांनी त्यांची खुर्ची मागच्या भिंतीशी, इस्त्रीच्या टेबलापलीकडे ठेवली. आणि ज्या कटिंगच्या टेबलाशी काकू जन्मभर उभ्या राहिल्या, त्याच्या कोपऱ्यावर कॉम्प्युटर मांडला, कारण कॉम्प्युटरमध्ये काकू होत्या.

झालं होतं असं, की आजारपणाच्या आधी मास्तरांनी फोनवर काकूंच्या कटिंगचे व्हिडिओ घेतले होते. शिकायचंय म्हणून. शिकले काही नाहीत. फोनही पुढे त्यांनी स्वतःच्याच इस्त्रीखाली भाजला. पण व्हिडिओ तेवढे त्याआधी कॉम्प्युटरवर उतरवून घेतले होते. त्यात काकू कापायच्या कमी आणि झापायच्या जास्त. "अहो, फोन सरळ धरा! माझं नाक काय दाखवताय, कापड दाखवा. आणि खांदा आधी कापायचा नाही, किती वेळा सांगू? डोकं घरी ठेवून येता का?" दुपारी गिऱ्हाइकं नसली की मास्तर हे मोठ्या आवाजात लावून बसायचे. मागे खुर्चीत काकू असायच्याच. त्यांना काय वाटतं, हे विचारायचं मास्तरांच्या मनात कधी आलं नाही.

अलीकडे कॉम्प्युटर खरखरायला लागला. सुरू व्हायला इतका वेळ घ्यायचा, की तेवढ्यात एका शर्टाची काजं करून व्हावीत. काकूंच्या धाकट्या भावाने येऊन कान लावला आणि निदान केलं, "दाजी, हार्ड डिस्क चाललीय. कधीही मान टाकेल." हा मेहुणा म्हणजे अतिशहाणा माणूस. जगातली कुठलीही वस्तू त्याला उघडता येते; बंद करताना एखादा स्क्रू उरतो, एवढंच. कुठल्याशा कचेरीने जुनी यंत्रं मोडीत काढली होती, त्यातली एक हार्ड डिस्क तो घेऊन आला. वर अजून कचेरीची चिठ्ठी चिकटलेली.

"वापरलेली?" मास्तरांनी नाक मुरडलं. "दुसऱ्याच्या अंगावरचा कोट आणलास मला?"

"धुऊन आणलाय, दाजी. आतलं सगळं पुसलंय. आता तुमचं सगळं जुन्यावरून हिच्यावर घ्यायचं, की झालं. तुमच्या एका फोटोला धक्का लागणार नाही."

मास्तर मशीनवर बसले. मेहुण्याने कॉम्प्युटरचं पोट उघडलं, तारा जोडल्या. मशीनच्या घरघरीत तो ओरडून म्हणाला, "टाकाऊ आहे ते आधी काढून टाकतो हां! डिस्कवर उगाच भार नको."

"काढ की! टाकाऊ ठेवून काय पूजा करायचीय?" मास्तर मान वर न करता म्हणाले.

संध्याकाळी नवी डिस्क आत बसली आणि कॉम्प्युटर झटक्यात सुरू झाला. फोटो होते, दुकानाची सगळी बिलं होती, लेकीच्या मुलाचे बोबडे बोल होते. मेहुणा हात झटकत उभा राहिला. मास्तरांनी पडद्याच्या कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या डब्यावर टिचकी मारली. डबा रिकामा.

"ह्यातलं कुठंय?"

"कशातलं? तो कचरा होता, दाजी. रिकामा केला."

आता हे मास्तरांच्याच धंद्यात होऊ शकतं. टेलरच्या दुकानात टेबलाखाली एक टोपली असते. कापून उरलेले तुकडे तिच्यात जातात आणि ते कधी, म्हणजे कधीच फेकायचे नसतात. दोन वर्षांनी कुणी कोटाचं कोपर जाळून येतो, आणि त्याच कापडाचा हातभर तुकडा टोपलीत सापडला की दुकानाची अब्रू राहते. काकूंची ही शिस्त होती. कॉम्प्युटरवर टोपलीचं चित्र दिसल्यावर मास्तरांनी सगळ्यात जपायची वस्तू तिच्यात ठेवली. बघायच्या वेळी बाहेर ओढायची, बघून झालं की परत आत.

"कचरा?" मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तुझी बहीण होती त्यात! तिचा आवाज होता! नालायका, हात लावायच्या आधी विचारता येत नाही?"

"विचारलं होतं! तुम्हीच म्हणालात काढ! आणि कचऱ्याच्या डब्यात कोण ठेवतं हो असलं काही?"

"मी ठेवतो! माझं दुकान, माझी टोपली!"

मेहुण्याने जुनी डिस्क पुन्हा तारेने जोडली. पुसलेलं कधीकधी परत मिळतं, असं काहीतरी पुटपुटला. डिस्क आतून टकटक वाजली, पुन्हा वाजली आणि गप्प झाली. मग कितीही तारा हलवल्या तरी ती हूं की चूं करेना.

मास्तरांनी हातातली टेप भिरकावली. गुंड्यांचा डबा लवंडला. "चालता हो! पुन्हा ह्या दुकानाची पायरी चढलास तर तंगडं मोडीन. सगळं घालवलंस माझं! आता काय ऐकू मी? सांग, काय ऐकू?"

"अहो!"

मागच्या भिंतीकडून आला तो आवाज. मास्तरांनी मान वळवली नाही. "बघ, बघ, तीही रडतेय," ते मेहुण्यावर खेकसले.

"अहो! अहो!" डाव्या हाताचा तळवा खुर्चीच्या दांड्यावर धाडधाड आपटत होता.

मेहुणा पिशवीत स्क्रूड्रायव्हर कोंबत दाराशी गेला होता. तो वळला. त्याचेही डोळे लाल झाले होते. "दाजी, ताई रडत नाहीये. आणि ती मला ओरडत नाहीये. जरा वळून बघाल का तिच्याकडे?"

मास्तर वळले. काकूंचा चेहरा संतापाने पेटला होता. अर्ध्या तोंडाने, पण तोच संताप, तीच वर चढलेली भुवई. रोज दुपारी नवरा आपल्याकडे पाठ करून आपलाच जुना आवाज ऐकत बसतो, आणि आपण हाक मारली की आवाज आणखी वाढवतो, हे त्यांनी किती महिने गिळलं होतं कोण जाणे. त्यांचं बोट कटिंगच्या टेबलाकडे होतं. तिथे एका कोटाचं राखाडी कापड घडी न मोडता पडून होतं. त्याला कात्री लावायची मास्तरांची छातीच झाली नव्हती.

मास्तरांनी कॉम्प्युटर उचलून खाली जमिनीवर ठेवला. मेहुण्याने न सांगता खुर्चीची दुसरी बाजू धरली. दोघांनी काकूंना टेबलाशी आणलं. मास्तरांनी कापड पसरलं आणि खडू काकूंच्या डाव्या हातात दिला.

रेघ वेडीवाकडी आली. मास्तर ती पुसून सरळ करायला गेले.

"अहो!"

त्यांनी हात मागे घेतला. कात्री उचलली आणि आजारपणानंतर पहिल्यांदाच बायकोला विचारलं, "कुठून कापू?" काकूंनी बाहीकडे बोट दाखवलं. मास्तर सवयीने खांद्याकडे वळले.

"अहो!!"

"कळलं, कळलं! खांदा आधी नाही! ओरडू नकोस," मास्तर चिडून म्हणाले. मग कात्री हवेतच थांबली. त्यांनी घाईघाईने बायकोकडे पाहिलं.

"नाही, नाही. ओरड तू."