न वाचता दिलेली मंजुरी

मी नक्की काय काम करतो, हे आईला अजून धड सांगता आलेलं नाही. दुसऱ्या कंपन्यांचा डेटा आमच्या हजारो यंत्रांवर राहतो, ती यंत्रं बंद पडू द्यायची नाहीत, एवढंच. ती यंत्रं मीही कधी पाहिलेली नाहीत. मी आपला परराज्यात, एचएसआर लेआउट नावाच्या वस्तीतल्या ऑफिसात खुर्ची उबवतो.

आमच्याकडे एक नियम आहे. कुठलाही बदल दुसऱ्याने वाचून मंजूर केल्याशिवाय पुढे जात नाही. माझ्या शेजारी बेळगावची एक बाई बसायची, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी. मी तिला अक्का म्हणायचो. ऑफिसात मराठी बोलायला तेवढी एकच. एका दुपारी तिने चाचणीच्या जुन्या डिस्क पुसायचा बदल माझ्याकडे पाठवला. "स्वल्प नीट बघ रे, यादी मोठी आहे," म्हणाली. मला जेवायची घाई होती आणि भुकेने माझं डोकं फिरतंच. यादी न उघडताच मी मंजुरी देऊन टाकली. "बघितलं, अक्का. सोड बिनधास्त."

त्या यादीत एका गिऱ्हाइकाच्या चालू डिस्क होत्या. माझं ताट संपायच्या आत त्या पुसल्या गेल्या. अक्का संध्याकाळपर्यंत जुन्या प्रती शोधत राहिली. त्या दिवसाचा डेटा काही परत मिळाला नाही.

मग बैठकीत सगळ्यांसमोर अहवाल वाचला गेला. त्यात कुणाचं नाव घ्यायचं नाही, कुणाला दोष द्यायचा नाही, अशी आमची मोठी उदार पद्धत. कसली उदार, डोंबलाची! "बदल करणाऱ्या अभियंत्याने" असं वाचलं की सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळायच्या. माझ्याबद्दल एकच ओळ होती: तपासणीतही चूक लक्षात आली नाही. मॅनेजरने विचारलं, "आणखी कुणाला काही सांगायचंय?" मी वहीत तारीख गिरवत बसलो. भित्रा होतो, दुसरं काय! दोन महिन्यांनी तिच्याकडून राजीनामा मागून घेतला.

शेवटच्या दिवशी तिचं सामान मी खाली रिक्षापर्यंत नेलं. माझी मान वर होत नव्हती. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला.

"तू कशाला वाईट वाटून घेतोस? तू एवढं नीट वाचलंस, तरी तुलाही दिसलं नाही. मी घरी तेच सांगितलं. म्हणजे मी काही अगदीच टाकाऊ इंजिनिअर नाही, होय ना रे?"

"होय, अक्का," मी म्हणालो.

ती हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.