पाखरांना ठेकेदार नसतो

मित्रांनो, आज सकाळी शेताच्या बांधावर बसून रडलो. बायको बाळंतीण, भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, अडलेली आणि शेतात मी एकटाच.

बांधावरच्या करवंदीच्या जाळीत सातभाई पाखरांचं घरटं आहे. पिल्लं दोनच, पण अळ्या भरवायला अख्खा थवा! आईबाप, काका, मावश्या, सगळे. नात्यातली पिल्लं ही पाखरं मिळून जगवतात, असं शाळेत सर सांगायचे.

तिथूनच भिवंडीला भावाला फोन लावला. दरसाल आवणीला तो येतोच. म्हणाला, "दादा, ठेकेदार नाय सोडत. आलो तं कामावरून काढून टाकंल."

फोन ठेवला नि रोपांकडे गेलो.

रोपं पिवळी पडायला लागलीत. खोडाळ्याजवळ कोणी मोकळं आहे का? नात्यातले नसलात तरी या.