पट एकतीस, हजर एकतीस

सचोटीची शपथ मला तोंडपाठ आहे. दरवर्षी दिवाळीच्या आसपास तालुक्याहून पत्र यायचं: भ्रष्टाचाराविरुद्धचा सप्ताह पाळा, मुलांना शपथ द्या, संध्याकाळपर्यंत फोटो ग्रुपवर टाका. फोटोचं तेवढं ठळक अक्षरांत असायचं. लाच घेणार नाही, देणार नाही, काम चोख करीन, असा शपथेचा एकूण सूर. मी ती खणखणीत आवाजात वाचायची, कारण निदान माझ्यापुरती ती खरी आहे असं मला मनापासून वाटायचं.

मी बीडहून रोज एसटीने नेकनूरला यायची आणि तिथून मिळेल त्या जीपने आत, शाळेच्या गावाला. कंडक्टरने पैसे घेऊन तिकीट फाडलं नाही, तर मी सगळ्या गाडीसमोर भांडायची. गॅसची टाकी आणणाऱ्याला वरचे वीस रुपये कधी दिले नाहीत, म्हणून आमची टाकी नेहमी सगळ्यांच्या शेवटी यायची. नवरा म्हणायचा, ‘तू यमाकडेसुद्धा पावती मागशील.’ मला त्या चिडवण्याचा अभिमानच वाटायचा. मी कुणाचा एक रुपया घेतला नाही. हे आजही खरं आहे, पण आज त्याचा मला काही उपयोग नाही.

शाळा दोन खोल्यांची. मुख्याध्यापकांकडे पहिली-दुसरी, माझ्याकडे तिसरी-चौथी. गाव ऊसतोडीला जाणारं. दसरा झाला की मुकादमाच्या गाड्या लागायच्या, आणि पार गुढीपाडव्यापर्यंत निम्म्याहून जास्त घरांना कुलपं. आई-बापांबरोबर पोरंही जायची. कागदावर मात्र कुणीच जात नव्हतं. पट घसरला तर एक शिक्षक जाईल, मग शाळाही जाईल, हे मुख्याध्यापकांचं म्हणणं काही खोटं नव्हतं. माणूस वाईट नव्हता. उन्हाळ्यात पाण्याची टाकी स्वतः आत उतरून घासायचा. ‘बाई, आपण शाळा वाचवतोय,’ म्हणायचे, आणि मला ते पटायचं.

त्यात वसतिगृह होतं. आई-बाप तोडीला गेल्यावर मागे राहणाऱ्या मुलांना शाळेतच दोन वेळचं जेवण आणि निजायला जागा मिळावी, म्हणून सरकारने काढलेली सोय. सोय चांगली होती. आमच्या गावाला ती मंजूर होती, फायलीत होती, फक्त गावात नव्हती. किराणा, भाजी, स्वयंपाकीण, सगळं गावच्या पुढाऱ्याच्या पुतण्याकडे. तपासणी येणार असली की दोन दिवस आधी निरोप यायचा, मग चुलीवर खिचडी चढायची आणि आसपासच्या वस्त्यांवरून पोरं आणून बसवायची. माझं काम एवढंच, की वर्गाची हजेरी आणि वसतिगृहाची हजेरी एकमेकींना जुळती ठेवायची. हजर असेल तर उभी रेघ, नसेल तर ‘गै’. माझं अक्षर पहिल्यापासून चांगलं. माझ्या रेघा छापल्यासारख्या यायच्या.

चौथीत एक मुलगी होती. फळ्याच्या कोपऱ्यात रोज वार, तारीख, पट आणि हजर लिहायचं काम तिच्याकडे होतं. ती दारापासून सुरू करून एकेक डोकं बोटाने मोजायची, स्वतःला मोजायला हटकून विसरायची आणि मग जीभ चावून एक वाढवायची. सगळा वर्ग हसायचा. तीही हसायची.

त्या वर्षी दसऱ्यानंतर पहिल्या गाड्या गेल्या. दुसऱ्या दिवशी तिने फळ्यावर लिहिलं: पट एकतीस, हजर एकोणीस. अगदी बरोबर होतं. मी डस्टर घेतलं, एकोणीस पुसलं आणि एकतीस लिहिलं. त्या आठवड्यात कुणी साहेब येणार अशी कुणकुण होती. ती बघत राहिली. मग जागेवर उभी राहून तिने पुन्हा डोकी मोजली, ओठ हलवत.

‘बाई, म्या चुकले का?’

‘नाही गं. बस खाली.’

त्यानंतर तिने मोजलं नाही. सकाळी आली की सरळ लिहायची, हजर एकतीस. मी तिला तसं लिहायला सांगितलं नव्हतं, पण थांबवलंही नाही. वर्षभर खपून शिकवलेली मोजणी मी एका दिवसात बिघडवली.

शपथेचा दिवस त्याच आठवड्यात आला. मुलं कमी दिसू नयेत म्हणून मुख्याध्यापकांनी त्यांना लांब लांब उभं केलं. उजवा हात पुढे करून सगळ्यांनी माझ्यामागून शपथ म्हटली. मी फोटो काढला आणि पाठवून दिला. तो अजून माझ्या फोनमध्ये आहे. दुसऱ्या रांगेत ती आहे, हात इतका ताठ पुढे केलेला की पुढच्या पोराच्या डोक्याला लागतोय.

त्याच दुपारी, शाळा सुटायच्या सुमाराला, तिची आई आली. चपला दाराबाहेर काढून, धाकट्या मुलीचा हात धरून उभी राहिली.

‘बाई, आमची गाडी परवा जानार. हिला ठिवून घेता का? सासू मागल्या साली वारली, घरी मागं कुनी न्हाई. सरकारचं वसतिगृह हाय म्हनत्यात. पोरगी हुशार हाय, तुमीच म्हनता की.’

मंजुरीचं पत्र मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या खणात होतं. मी ते पाहिलं होतं, त्यावर आवकचा शिक्का मीच मारला होता.

‘यंदा नाही गं वसतिगृह,’ मी म्हणाले. ‘पुढच्या वर्षी बघू.’

आपण खरं तेच सांगतोय असं तेव्हा मला वाटलं. जे नाहीच, त्याला आहे कसं म्हणायचं? तिने वाद घातला नाही. बायका आमच्याशी वाद घालत नाहीत, आम्ही शिकलेल्या. ‘बरं,’ म्हणाली, ‘मग येती आमच्यासंगं. हिला तरी सांभाळंल.’ मुलगी दारात उभी राहून ऐकत होती. गणिताचं पुस्तक बरोबर ने, असं मी तिला सांगितलं. तिने मान हलवली.

मी काय करू शकले असते, ते नंतर कितीदा मनात मांडून पाहिलं. ते पत्र खणातून काढून आईच्या हातात देता आलं असतं. काहीच नाही तर पोरीला चार महिने बीडला माझ्या घरी नेता आलं असतं. माझी मुलं बाहेरगावी शिकायला, एक खोली रिकामीच पडून होती. तेव्हा यातलं काही मनातसुद्धा आलं नाही. मला सव्वापाचची गाडी पकडायची होती.

जानेवारीत, संक्रांतीच्या थोडं आधी, सकाळी मुख्याध्यापकांना मुकादमाचा फोन आला. तिकडे लांब, कारखान्याच्या बाजूला, आदल्या दिवशी ती फडाच्या कडेला धाकटीला खेळवत होती. ट्रॅक्टरवाल्याने उसाची ट्रॉली मागे घेतली. तिने धाकटीला बाजूला ढकललं, आणि तिला स्वतःला हटता आलं नाही. तिकडेच सगळं उरकलं होतं.

मी त्या दिवशीची हजेरी भरून ठेवली होती. तिच्या नावापुढे रेघ होती. वसतिगृहाच्या वहीत आदल्या दिवशीचं तिचं दोन्ही वेळचं जेवणही झालेलं होतं.

मी पेन उचललं. मुख्याध्यापक म्हणाले, ‘आत्ता नको, बाई. वसतिगृहातली पोरगी तिकडं कशी गेली, म्हणून विचारतील. महिनाअखेर नाव कमी करू.’ त्यांचे डोळे भरले होते, हेही सांगायला हवं. आणि मी त्यांचं ऐकलं, हेही. महिना संपेपर्यंत, रविवार सोडून रोज, मी त्या गेलेल्या लेकराला हजर मांडत राहिले. पहिल्या दिवशी तिची रेघ वाकडी आली. मग पुन्हा छापल्यासारखी सरळ येऊ लागली. मला त्या सरळ रेघांची आजही लाज वाटते.

पाडव्यानंतर गाव परत आलं. एक दिवस तिची आई शाळेत आली. अपघाताच्या मदतीचा अर्ज केला होता, आणि कचेरीत शाळेच्या हजेरीचा उतारा मागितला होता. मुख्याध्यापक बैठकीला गेले होते. रजिस्टरमधल्या खोट्या रेघा उताऱ्यात उतरवून द्यायला मला पाच मिनिटं लागली असती. पण मी रजिस्टर काढलं आणि तिच्यासमोर उघडलं. का, ते मला नीट सांगता येणार नाही. बहुधा एकटीला ते ओझं पेलवेना.

‘तिचं नाव कुठं हाय?’ तिने विचारलं. तिला वाचता येत नव्हतं. मी दाखवलं. तिने नावावर बोट ठेवलं, थोडा वेळ ठेवूनच दिलं, आणि मग ते हळूहळू उजवीकडे सरकवत नेलं.

‘ह्या रेघा कशाच्या?’

‘हजर.’

‘कवाच्या?’

‘डिसेंबरच्या.’

‘डिसेंबरात तर आमी फडात व्हतो.’

मी पान उलटलं. जानेवारीच्या पानावर तिने विचारलं, ‘त्यो दिस कुठला?’ मी चौकट दाखवली. तिथे रेघ होती. ‘आन त्याच्या म्होरं?’ तिथेही होती.

मग मी तिला सगळं सांगितलं. पट, हजेरी, वसतिगृहाची वही, त्यातलं रोजचं जेवण. ती रडेल, ओरडेल, रजिस्टर फेकेल असं मला वाटलं होतं. खरं तर तिने तसं करावं अशी माझी इच्छा होती. पण तिने बोट पुन्हा पोरीच्या नावावर नेलं.

‘म्हंजे वसतिगृह व्हतं.’

‘कागदावर होतं.’

‘तिचं नाव व्हतं त्याच्यात?’

‘होतं.’

‘म्हंजे तिची जागा हितं व्हती.’ तिने मान वर केली. ‘मग मी आलते तवा तुमी न्हाई कावून म्हनलात, बाई?’

मी एक रुपया घेतला नाही, हे वाक्य माझ्या ओठांपर्यंत आलं होतं. देवाची कृपा, ते बाहेर पडलं नाही. ती दाराशी गेली, चपला घातल्या आणि निघून गेली.

त्याच दिवशी मी तालुक्याच्या कचेरीला लिहून दिलं: मुलगी दिवाळीपासून गावात नव्हती, हजेरी खोटी आहे, रेघा माझ्या आहेत, सही माझी आहे. पावसाळ्यात चौकशी आली. साहेबांनी रजिस्टर चाळलं आणि म्हणाले, ‘रेकॉर्ड तर एकदम व्यवस्थित आहे, बाई.’ वसतिगृह उत्तम चाललं असं गावातल्या काही जणांनी सह्या करून दिलं. त्यातले दोघे त्या वेळी स्वतः उसात होते. तिच्या आईचा अर्ज माहितीत तफावत आहे म्हणून परत आला. तफावत म्हणजे काय, तर माझा जबाब एक सांगत होता आणि माझंच सुंदर अक्षर दुसरं. साहेबांनी अक्षरावर विश्वास ठेवला. माझी एक वेतनवाढ थांबली. पुतण्याचं काही थांबलं नाही. मुख्याध्यापक माझ्याशी कामापुरतं बोलू लागले. एकदा पाणी पिता पिता म्हणाले, ‘तुम्ही सुटलात, बाई.’ मी सुटले नव्हते, पण ते त्यांना कसं सांगणार?

पुढच्या वर्षी पहिली-दुसरी मी मागून घेतली, कारण धाकटी पहिलीत आली होती. बहिणीसारखीच कपाळावर केस येणारी, पण अबोल. ट्रॅक्टरचा आवाज आला की बाकाखाली जाऊन बसायची आणि आवाज विरेपर्यंत निघायची नाही. दसरा गेला. गाड्या लागल्या. शपथेचं पत्र आलं, ते मी वाचलं नाही, मुख्याध्यापकांनी वाचलं. त्यानंतर दोन दिवसांनी तिची आई शाळेवरून जाताना दिसली, डोक्यावर भांड्यांचं बोचकं, हाताला धाकटी. या खेपेला ती शाळेत आली नव्हती, काही विचारायलाही नाही. मीच वर्ग सोडून रस्त्यापर्यंत पळत गेले.

‘हिला माझ्याकडे ठेव,’ मी म्हणाले. ‘वसतिगृहात नाही, माझ्या घरी, बीडला. मी रोज माझ्याबरोबर आणीन, रोज नेईन. पाडव्याला तुझ्या हातात देईन.’

तिने माझ्याकडे पाहिलं. नजरेत राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

‘न्हाई, बाई. ती माज्यासंगंच ऱ्हाईल.’ ती दोन पावलं गेली आणि वळली. ‘तिचं नाव तेवढं खोटं मांडू नका. हितं न्हाई म्हनून लिवा.’

मी तसंच लिहिलं. दिवाळीपासून पाडव्यापर्यंत, रोज, तिच्या नावापुढे ‘गै’. आता फळ्याच्या कोपऱ्यात मी स्वतः मोजून लिहिते: पट सव्वीस, हजर नऊ. आकडा खरा असतो. बाकीची सतरा लेकरं उसात असतात.