तारेखालचा नारळ

बोअरच्या गाडीवर काम केलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत, चिखलासारखे अंगाला लागूनच घरी येतात. माझे जरा जास्तच साठलेत. मी सुपरवायझर. वरच्या विजेच्या तारांवर लक्ष ठेवणं हे माझं काम, आणि नेमकं तेच मला जमत नाही.

नवा होतो तेव्हाची गोष्ट. मोडनिंबजवळ एका शेतात तार किती उंच आहे ते बघायचं होतं. मी हुशारीनं वीस फुटी लोखंडी पाइप उभा करायला घेतला! आमचे ऑपरेटर इस्माईलभाई सोलापूरचे, गाडीवर आयुष्य काढलेले. त्यांनी पाइपचं टोक पायाखाली दाबून धरलं.

"साब, नाप के किसकू बोलेंगे?"

मग मी सेफ्टी फारच मनावर घेतली. ‘वर तारा आहेत, सावधान’ असा बोर्ड रंगवून घेतला आणि तो लावायला ॲल्युमिनियमची शिडी थेट विजेच्या खांबाला टेकवून चढलो. शेतमालक पळत आला.

"सायेब, खाली या की. त्यो बोर्ड आदी तुमीच वाचा."

रॉड वर ओढले जात असताना मी मान वर करून तारेकडे बघत राहायचं, असा नियम. केम गावात एका बोअरला पाणी उसळलं आणि सगळ्यांबरोबर मीही खाली बघत नाचायला लागलो. इस्माईलभाईंनी इंजिनच बंद केलं.

"तुमचं पाणी बघून झालं की सांगा. मग मी रॉड काढतो."

आणि ही सांगोल्याकडची डाळिंबाची बाग. जमिनीतलं पाणी शोधणाऱ्या पाणाड्याच्या तळहातावरचा आडवा नारळ उभा राहिला, तो बरोबर तारेखाली. मालक हटून बसला. "नारळ उठला तितंच बोअर. एक फूटबी हिकडं तिकडं न्हाय."

झाडं सुकायला लागली होती. मला नाही म्हणवेना. "लाइट गेलीय, तार बंद आहे," मी इस्माईलभाईंना म्हणालो. "करा गाडीचा टॉवर उभा."

"बंद हाय ना? मग तुमी गाडीला हात लावून थांबा. मी करतो उभा."

माझा हात आपोआप खिशात गेला. इस्माईलभाईंना, दोन लेकरांच्या बापाला, आपण काय करायला सांगत होतो, ते तेव्हा कळलं. फार लाज वाटली. पण सुपरवायझर पडलो, त्यांचंच वाक्य मी पाणाड्याला ऐकवलं. "काका, जागा तुम्ही दाखवलीत. गाडीला हात तुम्ही लावा."

पाणाड्यानं वर तारेकडे बघितलं. नारळ पुन्हा तळहातावर घेतला आणि डोळे मिटून चालायला लागला. तारेपासून शंभर पावलं लांब, पार पलीकडच्या बांधाजवळ, नारळ उभा राहिला.

"पाणी सरकलंय," तो म्हणाला.